कपाटातला ऋणनिर्देश

कपाटबंद जुने प्रबंध इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करायचे, असा ठराव विद्यापीठाच्या ग्रंथपाल हेमलताबाई धोत्रे यांनी मांडला, तसे अधिष्ठाता डॉ. निमकर भर सभेत कडाडले.

"कुलूप काढाल तर खबरदार! लोक माझा प्रबंध शब्दन् शब्द चोरतील!"

"बरं सर," म्हणत बाईंनी निमकरांचाच प्रबंध उघडला. "ऋणनिर्देश तेवढा वाचते. 'माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाईंनी घर सांभाळलं, म्हणून हे संशोधन पुरं झालं.'"

 कुणाच्या हातातला चहा कलंडला. 

"शब्दन् शब्द चोरतात, हे पटलं सर," बाई म्हणाल्या. "आता ती बाळंतीण शोधायला तरी कुलूप काढावंच लागेल."