भिवरेचा बिनचूक हिशेब

बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ घाट चढून यायचं, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि आपण आता लहान उरलो नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

घाटमाथ्यावर एक गाव होतं. तिथं राजाचं मिठाचं कोठार होतं. आसपासच्या साऱ्या वाड्यावस्त्यांना मीठ तिथूनच मिळे. कोठाराला एक खिडकी होती आणि खिडकीला रुंद लाकडी फळी. गिऱ्हाइकानं फळीवर पैसे ठेवायचे, आत बसलेल्या माणसानं ते मोजून गल्ल्यात टाकायचे, उरलेले परत द्यायचे, आणि मग मीठ मिळायचं. त्या राज्यात चांदीच्या एका नाण्याचे तांब्याचे सोळा पैसे होत. चांदीचं अर्धं नाणंही चाले, त्याचे आठ.

या गावात भिवरा नावाची बाई राहायची. तिचे वडील बाजारात धान्य मापणारे मापारी. त्यांच्या शेजारी बसून ती पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे असे शिकली होती की दुसऱ्याचं बोलून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असे. लग्न करून ती या गावात आली, लोणची घालून विकू लागली. नवरा रखमाजी मडकी घडवायचा. घरात कशाची ददात नव्हती. पण एक गोष्ट भिवरेला आतून टोचत राही. लोक तिच्या लोणच्याला नावाजत, तिच्या डोक्याला कुणी नावाजत नसे.

एकदा असं झालं की खिडकीत बसणारा म्हातारा कारकून वारला. कोठाराचा कारभार पाहणारे कोठावळे नवीन माणूस शोधू लागले. भिवरेनं ही बातमी ऐकली आणि तिला वाटलं, ही जागा आपल्यासाठीच रिकामी झाली. ती धावत गेली. तिथं आधीच म्हाळसा नावाची बाई येऊन उभी होती. म्हाळसेचा नवरा मिठाच्या तांड्याबरोबर गेला होता तो परतलाच नव्हता. पदरात दोन पोरी होत्या.

कोठावळ्यांनी दोघींना अर्धा अर्धा दिवस खिडकीत बसवलं. भिवरेनं लाह्या फुटाव्यात तसे हिशेब केले. एका बाईनं पुन्हा समजावून सांगायला सांगितलं, तेव्हा तिनं मागच्या गिऱ्हाइकाला पुढं बोलावलं. म्हाळसा बसली ती बोटांवर मोजत बसली. दोनदा चुकली, दोनदा हसली, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाइकालाच म्हणाली की जरा माझ्याबरोबर मोजा.

संध्याकाळी कोठावळ्यांनी म्हाळसेला जागा दिली.

भिवरेनं कारण विचारलं. कोठावळे म्हणाले, "बाई, तुझा हिशेब चोख आहे. पण या खिडकीत बसणाऱ्याला माणसंही सोसावी लागतात."

भिवरेला हे वाक्य चटका बसावा तसं लागलं. बोटांवर मोजणाऱ्या बाईला जागा मिळाली, जाणणाऱ्या बाईला नाही, असं तिनं घरी येऊन रखमाजीला सांगितलं. रखमाजी चाकावरून नजर न उचलता म्हणाला की तिला गरज होती, मिळाली, बरं झालं. ते ऐकून भिवरा त्याच्यावरही रुसली.

लोणच्याला मीठ लागतंच. त्यामुळे भिवरेला दर बाजारी खिडकीपुढं उभं राहावं लागे, आणि दर बाजारी तिच्या जिवाची काहिली होई.

तीन शेर मिठाचे नऊ पैसे होत. भिवरा चांदीचं एक नाणं आणि वर तांब्याचा एक पैसा ठेवी, म्हणजे समोरून सरळ अर्धं नाणं परत यावं. लहान पोराला कळेल अशी गोष्ट. म्हाळसा मात्र तो पैसा उचलून परत तिच्या हातावर ठेवी आणि म्हणे, "भिवराबाई, नाणं पुरतं हो. हा एक चुकून जास्तीचा आला." मग ती एक एक करून सात पैसे फळीवर मांडे, पाचव्याला अडखळे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

भिवरेनं एकदा तिला समजावूनही पाहिलं. म्हाळसेनं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि पुढच्या बाजारी तो पैसा पुन्हा परत केला.

पण भिवरेला खरं जाळत होतं ते निराळंच. रांगेतलं कुणी वैतागत नव्हतं. म्हाळसा अडखळली की रांगेतली माणसं तिच्याबरोबर मोठ्यानं मोजू लागत. एकाचं मोजून झालं की सगळ्यांचं मोजून झाल्यासारखं त्यांना वाटे. कुणी तिच्यासाठी परसातल्या मिरच्या आणी, कुणी तिच्या पोरींसाठी बोरं. म्हाळसेला माणसांची नावं पाठ होती. कुणाची गाय कधी व्याली आणि कुणाच्या सासूचा गुडघा कुठला दुखतो, हे तिला विचारावं लागत नसे.

भिवरा हे पाहत उभी राही. जिला सात मोजता येत नाहीत तिच्या ओंजळीत गाव बोरं ओततं. जिला पाऊणकी पाठ आहे तिच्याकडून लोणचं घेतं, पैसे टाकतं आणि चालू पडतं. घरी येऊन कैऱ्या चिरताना तिला म्हाळसेचं हसू दिसे. सुरी मग कैरीवर जरा जोरानंच चाले.

सणाच्या आदल्या बाजारी खिडकीपुढं तोबा गर्दी होती. म्हाळसेनं भिवरेचे सात पैसे फळीवर मोजले, भिवरेनं ते उचलले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हाळसेला हाक मारली. ती वळून दोन शब्द बोलली आणि पुन्हा पुढं पाहते तो फळी रिकामी. भिवरेला अजून द्यायचेच आहेत असं समजून तिनं पुन्हा सात पैसे मांडले.

भिवरेला त्याच क्षणी कळलं. तोंड उघडायला हवं होतं. तिनं तोंडाऐवजी हात उघडला.

घरी येऊन तिनं ते पैसे एका रिकाम्या बरणीत टाकले. त्यांचं तिला काही करायचं नव्हतं. आपण चोरी केली नाही, आपण फक्त पुरावा गोळा केला, असं तिनं स्वतःला समजावलं. पण त्या दिवसापासून तिला बाजाराची ओढ लागली. ती मुद्दाम गर्दीच्या वेळी जाऊ लागली. तीन शेर सांगायचं, पैसे ठेवल्यावर चार शेर म्हणायचं. नाणं ठेवायचं, परत घ्यायचं, दुसरंच ठेवायचं. म्हाळसेची बोटं गोंधळत, आणि भिवरेच्या बरणीत भर पडे.

संध्याकाळी गल्ला कमी भरू लागला. पहिल्यांदा म्हाळसेनं स्वतःच्या पगारातून भरपाई केली. मग तिच्या घरातली पितळी घागर गहाण गेली. पुढं पोरींच्या पायातले वाळे गेले. तिचं हसणं थांबलं. आता ती प्रत्येकाचे पैसे तीन तीनदा मोजे, ओठ हलत आणि आवाज फुटत नसे. तिच्याबरोबर मोजणारी माणसंही गप्प झाली. रांग लांबली. लोक एकमेकांत कुरकुरू लागले की बाई चांगली आहे, पण हे काम तिचं नव्हे.

भिवरेनं ती कुरकुर ऐकली. उन्हातून आल्यावर थंड पाण्याचा घोट घशाखाली उतरावा तसं तिला वाटलं.

शेवटी कोठावळ्यांचाही नाइलाज झाला. पैसा राजाचा होता. त्यांनी म्हाळसेला घरी पाठवलं आणि भिवरेला बोलावणं धाडलं. म्हाळसा जाताना भिवरेला वाटेत भेटली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती एवढंच म्हणाली की तुमच्या हाती गेलं ते बरं झालं, मला खरंच जमत नव्हतं. भिवरेनं मान दुसरीकडं वळवली.

खिडकीत भिवरा बसली आणि रांगा संपल्या. नाणं फळीवर टेकतं न टेकतं तोच परतीचे पैसे बाहेर येत. गल्ला रोज चोख भरे. कोठावळ्यांनी मान डोलावली. भिवरेनं वाट पाहिली.

कुणी मिरच्या आणल्या नाहीत. कुणी बोरं आणली नाहीत. लोक येत, पैसे ठेवत, मीठ घेत आणि जात. थोडं पुढं जाऊन मात्र थांबत, मूठ उघडत आणि पैसे पुन्हा मोजत. खिडकीतून भिवरेला ते दिसे. ज्या बाईनं गावाला एका पैशालाही फसवलं नव्हतं तिच्या जागी बसून ती आता एका पैशालाही फसवत नव्हती, आणि तरी लोक मुठी उघडून पाहत होते. तिचा हिशेब इतका झटपट होई की डोळ्यांपुढं काय घडलं ते कुणाला कळत नसे. आणि जे कळत नाही त्याचा संशय येतो.

म्हाळसा आता ओढ्याकाठी लोकांची धुणी धुवायची. भिवरेला एकदा दुरून दिसलं की पाण्याला जाणाऱ्या बायका तिच्याजवळ थांबतात, बोलतात, पिळे धरायला हात लावतात. खिडकी हातची गेली तरी माणसं तिच्यामागं गेली होती. भिवरेचा हेवा संपायला हवा होता. तो आणखी वाढला.

अशातच एका बाजारी बायजाक्का नावाची धनगराची म्हातारी मीठ घ्यायला आली. तिनं दोन शेर मीठ मागितलं आणि चांदीचं नाणं ठेवलं. भिवरेनं अर्धं नाणं आणि दोन पैसे पुढं सरकवले. म्हातारी ते हातावर घेऊन उभीच राहिली.

"एवढं कसं झालं, ते जरा मोजून दाखव, बाई," ती म्हणाली.

"बरोबर आहे. पुढं व्हा."

"बरोबर असेल गं. म्हाळसाक्का मोजून दाखवायची."

ते नाव ऐकलं आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं भिवरेच्या तोंडून बाहेर पडलं. तिचा आवाज साऱ्या रांगेला ऐकू गेला. तुमच्या म्हाळसाक्काला सात मोजता येत नव्हते, ती म्हणाली. मला पाळण्यापासून हिशेब येतो. "माझ्यापुढं नाणं पडलं की किती परत यायचे ते मला आधीच दिसतं. एक पैसा इकडचा तिकडं झाला तरी मला तिथल्या तिथं कळतं. जन्मात कधी असं झालं नाही की मला कळलं नाही."

 म्हातारीच्या बोलण्यात डंख नव्हता. जे मनात आलं ते तिनं विचारलं.

"मग म्हाळसेच्या हातून चुकून तुला जास्तीचे गेले असतील, तेव्हाही कळलं असेल की."

 रांगेतल्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. बाजाराच्या गर्दीत तीन शेराचे चार शेर करणारी भिवरा एकीला आठवली. नाणं ठेवून परत घेणारी भिवरा दुसरीला आठवली. भिवरा नाही म्हणायला गेली. पण नाही म्हणायचं तर मला कळत नाही असं म्हणावं लागत होतं, आणि ते तिच्या जिभेवर येईना. तिची मान खाली गेली. सगळ्यांना जे कळायचं ते कळलं.

कोठावळे आतून बाहेर आले होते. त्यांनी फक्त गल्ल्याच्या किल्लीसाठी हात पुढं केला.

भिवरेनं बरणीतले सगळे पैसे आणून दिले. त्यातून म्हाळसेची घागर सुटली, वाळेही सुटले. राजाच्या दरबारापर्यंत गोष्ट जायची, पण म्हाळसेनं कोठावळ्यांच्या पाया पडून ती थांबवली. मग भिवरा तिच्या दारात गेली. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, दारात तिला त्यातलं काही आठवेना.

म्हाळसा म्हणाली, "तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसला असता, तर मी तुम्हाला नको म्हटलं असतं का? मी माणसं सांभाळली असती, तुम्ही पैसे."

भिवरेला हे कधी सुचलंच नव्हतं. एवढ्या हुशार बाईला एवढी साधी बेरीज सुचली नव्हती.

म्हाळसा पुन्हा खिडकीत बसू लागली. रांग पुन्हा लांब झाली आणि रांगेतली माणसं पुन्हा तिच्याबरोबर मोठ्यानं मोजू लागली. भिवरा लोणची विकत राहिली. तिची लोणची आधीइतकीच चांगली होती आणि लोक ती घेतही होते. फक्त पूर्वी जी माणसं तिनं दिलेले पैसे न पाहता कनवटीला लावत, ती आता तिच्यासमोरच मूठ उघडत आणि पैसे दोनदा मोजत. भिवरा मान खाली घालून मोजणं संपायची वाट पाहत बसे. ते पैसे बरोबर आहेत हे तिला आधीच माहीत असे, पण आता तसं म्हणायची तिला सोय उरली नव्हती.

हेव्यापोटी हुशारी वापरली की सगळ्यांत आधी वजा होतो तो आपल्यावरचा विश्वास.