पिक्चरवेड्या काशिरामाचं लग्न

गाव होतं एक. त्या गावात काशिराम नावाचा एक पिक्चरवेडा राहायचा. पिक्चरवेडे गावोगावी असतात, त्याचं काही नाही. पण हा भोळाही होता. तिथंच सगळा घोटाळा होता.

सुगी संपली की गावाबाहेरच्या माळावर हसनभाईंच्या टूरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. समोर पडदा, मधोमध कनात, कनातीच्या या बाजूला गडीमाणसं, त्या बाजूला बायका. काशिराम सगळ्यांच्या पुढं पोतं अंथरून बसायचा. चहाला उठेल तेवढाच, एरवी डोळ्याची पापणी लवू द्यायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं बसून मत द्यायचा.

त्याची मतं ऐकायला माणसं कामं टाकून यायची.

एका पिक्चरात हिरो कड्यावरून पडून मेला. काशिराम दोन दिवस जेवला नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या पिक्चरात तोच हिरो बागेत गाणं म्हणताना दिसला. काशिरामानं गल्लीत साखर वाटली. म्हणाला, "पिक्चर बरा आहे, पण वैद्य फार चांगला मिळालेला दिसतोय." एका पिक्चरात दरोडेखोर असलेला माणूस पुढच्यात फौजदार झाला. काशिराम म्हणाला, "माणूस सुधारतो. सरकारनं नोकरी दिली ते बरं केलं." देवाचा पिक्चर आला तेव्हा हा चपला बाहेर काढून नारळ घेऊन बसला. मत काय दिलं? "दर्शन छान झालं. धक्काबुक्की नाही."

गावात टीव्ही एकच, मास्तरांच्या घरी. तिथल्या मालिकेत सासू सुनेला रोज घराबाहेर काढायची. काशिराम म्हणाला, "सून गरीब आहे बिचारी. पण रोज त्याच वेळेला सासूच्या पुढ्यात कशाला जाते? जरा उशिरानं जावं." एकदा ऐन मालिकेत लाईट गेली. सगळे हळहळले. हा तासभर अंधारात बघत बसला आणि उठताना म्हणाला, "आजचा भाग काही समजला नाही बुवा."

आता असं आहे, पिक्चरबद्दल काहीही बोला, कुणाचं काही बिघडत नाही. पण काशिरामाला लग्न करायचं होतं. आणि तीन स्थळं त्याच्या मतांपायी मोडली होती. तिसऱ्या ठिकाणी तर पोरीच्या आईनं विचारलं, पोहे कसे झालेत? हा म्हणाला, "मध्यंतरापर्यंत बरे होते."

त्याची आई गोदाक्का. तिनं कपाळाला हात लावला. "काशा, आता एकच स्थळ उरलंय. शेजारच्या गावच्या शिरपतरावांची द्वारका. हे मोडलंस ना, तर मी भावाकडं निघून जाईन. तू बस तुझ्या पडद्यापुढं."

काशिराम ताडकन उठून बसला. कारण द्वारका त्याला ठाऊक होती. ती तंबूत यायची. दिसायची नाही, कनातीपलीकडं असायची. पण एक गोष्ट व्हायची. सगळा तंबू गप असताना, जिथं हसायचं काहीच कारण नाही तिथं काशिराम हसायचा, आणि नेमकं तेव्हाच पलीकडून ती हसायची. ("गप गं द्वारके!" म्हणून कुणीतरी दटावायचं, त्यावरून नाव कळलं.) सगळ्या मुलखात असं दुसरं माणूस त्याला भेटलं नव्हतं. त्याला करायची तर तीच बायको करायची होती.

आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

तंबूत नवा पिक्चर लागला. रहस्याचा. तिकिटाला ही मोठी रांग. पहिला खेळ बघून काशिराम बाहेर आला. रांगेतल्या एकानं विचारलं, "काय काशिराम, कसा आहे?"

"झकास! खून धाकट्या भावानंच केलाय. शेवटच्या पाच मिनिटांत कळतं."

अर्धी रांग घरी गेली. हसनभाई धावत आले. "काशिराम, बाबा, शेवट कधी सांगायचा नसतो रे! कुणी कितीही विचारू दे. म्हणायचं, जाऊन डोळ्यांनी बघा!"

"बरं," काशिराम म्हणाला. आणि ध्यानात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी शिरपतरावांची म्हैस विहिरीत पडली. त्यांचं रान या गावाच्या शिवेला लागून. पंधरा माणसांनी म्हैस बाहेर काढली आणि काशिरामाला सांगितलं, "पळ, शिरपतरावांना निरोप सांग." काशिराम पळाला. भावी सासऱ्याचं काम! शिरपतराव जेवायला बसले होते.

"मामा, म्हैस विहिरीत पडली."

"अरे देवा! मग?"

"सुरुवात संथ होती. चरत होती. मग एकदम पाय घसरला."

"अरे, पुढं काय?"

"पंधरा माणसं जमली. दोर लावला. म्हैस अर्ध्यात आली आणि दोर तुटला! अंगावर काटा आला, मामा. तेवढं तर बघण्यासारखं होतं."

"पण म्हैस वाचली का मेली?"

काशिराम नुसता हसला. "शेवट सांगत नसतो, मामा. जाऊन डोळ्यांनी बघा."

शिरपतराव खरकट्या हातानं धावत सुटले. मागं त्यांची बायको ऊर बडवीत. तिच्या मागं द्वारका. दोन मैल. विहिरीवर जाऊन बघतात तर म्हैस बाभळीखाली निवांत रवंथ करतेय. शिरपतराव तिथंच मटकन बसले. दम घेतला आणि काशिरामाच्या अंगावर ओरडले.

"मूर्खा! माणसाचा जीव जातो की इकडं! आल्या आल्या आधी सांगायचं, शेवट गोड झाला, काळजी करू नका!"

"बरं," काशिराम म्हणाला. आणि ध्यानात ठेवलं.

दोन दिवसांनी गल्लीतले तुळशीअण्णा गेले. नव्वदीचे होते. गोदाक्का म्हणाली, जा, चार शब्द बोलून ये. काशिराम गेला. ओट्यावर माणसं बसलेली. थोरला मुलगा डोळे पुसत होता. काशिरामानं आल्या आल्या त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शेवट गोड झाला! काळजी करू नका!"

ओट्यावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. थोरल्यानं पायातली वहाण काढली. मग बापाचा दिवस आहे म्हणून परत घातली. "काश्या, अरे अशा वेळी मान खाली घालावी. म्हणावं, फार वाईट झालं. कुणाच्या हातात नव्हतं. आता धीर धरा."

"बरं," काशिराम म्हणाला. आणि ध्यानात ठेवलं.

म्हशीचं प्रकरण होऊनही शिरपतरावांनी बघायला या म्हणून निरोप धाडला. गोदाक्काला खरंच वाटेना. (म्हशीसाठी धावताना द्वारका वाटभर हसत होती म्हणे. पण ते गोदाक्काला कुठलं माहीत असायला.) तिनं काशिरामाला नवा सदरा घातला, टोपी घातली, आणि देवाला हात जोडून त्याला घेऊन गेली.

पाट मांडले होते. द्वारका चहा घेऊन आली. शिरपतराव कौतुकानं म्हणाले, "ही आमची द्वारका."

काशिरामानं मान खाली घातली. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"फार वाईट झालं, मामा. कुणाच्या हातात नव्हतं. आता धीर धरा."

शिरपतरावांचा चेहरा लालबुंद. द्वारकानं पदर तोंडात कोंबला, तिचे खांदे गदागदा हलत होते. गोदाक्कानं काशिरामाच्या मांडीला असा चिमटा काढला की तो पाटावरून उडाला.

"मेल्या," ती त्याच्या कानात म्हणाली, "अर्धवट बघून बोलतोस कशाला? शेवटपर्यंत बघावं, मग तोंड उघडावं!"

"बरं," काशिराम म्हणाला.

शिरपतराव चढ्या आवाजात म्हणाले, "ते सगळं राहू द्या. पोरगी पसंत आहे का नाही, एका शब्दात सांगा."

"आत्ता कसं सांगू?" काशिराम म्हणाला. "शेवटपर्यंत बघणार, मग सांगणार."

"शेवटपर्यंत म्हणजे कुठवर?"

"म्हातारी होईस्तोवर."

गोदाक्कानं डोळे मिटून घेतले. गेलं, हेही स्थळ गेलं. शिरपतराव उठायला लागले. तेवढ्यात द्वारकानं तोंडातला पदर काढला.

"आबा, मला पसंत आहे."

आता पोरगीच म्हणतेय म्हटल्यावर बाप काय करणार? तिथी काढली. मांडव शिरपतरावांच्या दारात पडला. लग्नाच्या दिवशी गोदाक्कानं काशिरामाला बाजूला घेतलं आणि त्याचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते.

"काशा, आजचा दिवस तेवढा तोंड उघडू नकोस रे बाबा. तंबूत कसा शहाण्यासारखा वागतोस? अगदी तसाच वाग."

"बरं," काशिराम म्हणाला. हे तर सोपं होतं.

गुरुजींना संध्याकाळी दुसऱ्या गावाला मुहूर्त होता, म्हणून होम-सप्तपदी त्यांनी सकाळीच उरकून घेतली होती. अक्षता तेवढ्या राहिल्या होत्या. काशिराम पाटावर उभा राहिला. पुढं अंतरपाट. अंतरपाटापलीकडं द्वारका. गुरुजींनी घसा खाकरला आणि मंगलाष्टक सुरू केलं.

आता तंबूत गाणं लागलं की गडीमाणसं चहाला जातात. सगळे जातात. जाताना शेजाऱ्याला सांगतात, जागा धर. काशिरामानं इकडंतिकडं बघितलं. आचारी काखेत झारा धरून, हात पुसत लग्न बघायला येऊन उभा होता. काशिरामानं आपल्या मुंडावळ्या सोडल्या, त्याच्या कपाळाला बांधल्या, हार त्याच्या हातात दिला.

"एवढी जागा धर. गाणं लागलंय. आलोच."

सगळ्यांचे डोळे गुरुजींकडं. काशिरामाच्या मागं उभा असलेला त्याचा मामा डोळे मिटून अक्षता टाकत होता. अंतरपाट दूर झाला. द्वारकानं हार उचलला, वर बघितलं, तर समोर मुंडावळ्या बांधलेला आचारी. एका हातात हार, दुसऱ्या हातात झारा.

"नवरा कुठाय?" शिरपतराव किंचाळले.

"चहाला गेलेत," आचारी म्हणाला. "मी आपली जागा धरलीय."

काशिरामाला हॉटेलातून उचलून आणला. बशीतला चहा पुरा पिऊ दिला नाही. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलं. या खेपेला एका मामानं काशिरामाचा उजवा दंड धरला, दुसऱ्यानं डावा. शेवटी एकदाचा अंतरपाट दूर झाला. द्वारकानं त्याच्या गळ्यात हार घातला. त्यानं तिच्या गळ्यात घातला. दोघं एकमेकांकडं बघून हसली. टाळ्या पडल्या, ताशा कडाडला, मामांनी हात सोडले, आणि गोदाक्कानं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. लागलं बाई लग्न!

सगळी माणसं पंगत धरायला पळाली.

काशिरामानं डोळे पुसले. फार छान होतं. तंबूत काय होतं? हिरो-हिरॉईनचं जमलं, गळ्यात हार पडले, की खेळ सुटतो. माणसं उठतात, पोती झटकतात आणि घरची वाट धरतात. काशिरामानं धोतर झटकलं, पाट उचलून नीट भिंतीला लावला, आणि दोन मैल चालत घरी जाऊन झोपला.

पंगती उठल्यावर कळलं की नवरा नाही. एकच पळापळ झाली. गोदाक्का म्हणाली, "ओरडू नका. घरीच असेल तो. सून माझ्या गाडीत बसवून द्या." पाठवणी झाली. नवऱ्याशिवाय झाली, पण झाली. शिरपतराव लेकीला मिठी मारून हमसून हमसून रडले. गाडी निघाली.

दारात गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. शेजारीण म्हणाली, तुमचा काशा मघाच आलाय, घोरतोय आत. गोदाक्का म्हणाली, "घोरू दे मेल्याला. आधी माझी सून घरात घेते." तिनं द्वारकाला उंबऱ्याबाहेर उभी केली. "इथंच थांब हो बाई. मी माप भरून आणते, ते पायानं लवंडून आत ये." आणि ती मागच्या दारानं तांदूळ आणायला गेली.

बैलांच्या घुंगरांनी काशिरामाला जाग आली. डोळे चोळत तो पुढच्या दारात आला. बघतो तर द्वारका.

"अगं, तू? खेळ सुटून किती वेळ झाला! तुला न्यायला कुणी आलं नाही?"

द्वारका त्याच्याकडं बघत राहिली. ओठ दाबून धरले. तीही पिक्चरवेडीच होती, पुढं काय होतंय ते बघायची तिलाही खोड होती.

"नाही आलं," ती म्हणाली.

काशिरामाला तिची फार दया आली. "एकटीनं नको जाऊस. चल, मी सोडतो."

गोदाक्का मापात तांदूळ भरून, वर सुपारी ठेवून दारात आली. उंबऱ्यावर कुणी नाही.

दोन मैल दोघं बांधाबांधानं चालली. नवी नवरी पुढं, नवा नवरा मागं. वाटेत काशिरामानं तिला सात पिक्चरांचे शेवट सांगितले. ती प्रत्येक शेवटाला हसली. त्याला वाटलं, वाट अजून थोडी लांब असती तर बरं झालं असतं.

शिरपतराव रिकाम्या मांडवात खांबाला टेकून बसले होते. डोळ्याला टॉवेल. सोयरे समजूत घालत होते आणि ते म्हणत होते, "पोर गेली हो माझी, घर सुनं झालं!"

काशिरामाला ते बघवेना. तो झपझप पुढं आला. द्वारकाचा हात धरला आणि शिरपतरावांच्या हातात दिला.

"रडू नका, मामा. ही घ्या तुमची पोर. सुखरूप परत आणलीय. आता दार लावून घ्या, मी निघतो."