गाडीभर वाट

एकदा एक वृद्ध दंतवैद्य आपल्या शिष्येला मोटार चालवायला शिकवत होता. परवान्यापुरती नव्हे, तेवढी तिला येतच होती. ती तिशी उलटलेली, घरांचे आराखडे काढून स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई. तिला शिकायची होती ती वृद्धाच्या तरुणपणीची विद्या. त्याच्याकडे एक जुनी गाडी होती. उघडी, दोन आसनांची, तारांच्या चाकांची, आणि जमिनीला इतकी लगटून बसणारी की शेजारून बैल गेला तर चालवणाऱ्याला त्याचं पोट दिसावं. या गाडीतून वृद्ध एके काळी शर्यती धावत असे.

हौसेनं धावत असे, हे सांगायला हवं. हल्ली हौस म्हटलं की लोकांना ते काम कच्चं वाटतं. गावाबाहेर सैन्यानं सोडून दिलेली एक धावपट्टी होती. थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी ही मंडळी आपापल्या गाड्या घरूनच चालवत तिथं जात. समोरची काच आणि दिवे सोडवून घोंगडीत गुंडाळून बाभळीखाली ठेवत, शर्यत धावत, मग काच आणि दिवे पुन्हा बसवून त्याच गाडीनं घरी परतत. कुणी वकील, कुणी बियाण्यांचा दुकानदार, एक तर संस्कृतचे प्राध्यापक. सोमवारी सकाळी ज्याला त्याला आपल्या कामावर हजर व्हायचं असे.

त्यांत अच्युत नावाचा एक गुरांचा डॉक्टर होता. वृद्धाचा सर्वांत जवळचा मित्र तो, आणि सर्वांत कट्टर प्रतिस्पर्धीही तोच. "याच्या दवाखान्यात रोगी नुसते ओरडतात," तो सर्वांदेखत म्हणे, "माझ्या दवाखान्यात लाथा मारतात. तेव्हा धैर्य कुणाचं मोठं, ते तुम्हीच ठरवा." त्याची गाडी पिवळी होती. वळणाच्या अलीकडे वेग उतरवला की तिच्या सायलेन्सरमधून तडतड असा एक विशिष्ट आवाज निघे, जसे कढईत पडलेले ओले मोहरीचे दाणे. हा आवाज मागून आला की दंतवैद्याच्या चेहऱ्यावर हसू फुटे, आणि आपण हसतो आहोत हे त्याला कळतही नसे.

पुढं धावपट्टीवर गवत वाढलं, मंडळी पांगली, म्हातारी झाली. अच्युत वारला. त्याची गाडी पत्र्याच्या शेडखाली पडून राहिली.

वृद्धाला मित्राची आठवण येई, एवढंच म्हणणं पुरेसं नाही. तो त्या आवाजाला झुरत होता. दुपारी ओसरीवर पेंगत असता रस्त्यावरून एखादी बिघडलेली रिक्षा तडतडत गेली, तरी तो दचकून मान वळवी. "कोण आलं, अप्पा?" असं शिष्येनं विचारलं की म्हणे, "कुणी नाही."

अशात बातमी आली की, अच्युतच्या मुलांनी ती पिवळी गाडी जुन्या मोटारींच्या एका व्यापाऱ्याला विकली आहे. व्यापाऱ्यानं ती दुरुस्त केली होती आणि परदेशातल्या कुणा शौकिनाशी तिचा सौदाही ठरवला होता. बोटीवर चढवण्याआधी, त्या जुन्याच धावपट्टीवर, तो जुन्या गाड्यांची एक शर्यत भरवणार होता. त्याच संध्याकाळी गाडी ट्रकवर चढून बंदराकडे जाणार होती.

वृद्ध शिष्येला घेऊन व्यापाऱ्याकडे गेला. गाडी आरशासारखी चकचकत होती.

"या डॉक्टरसाहेब! बघा, नवी कोरी करून ठेवलीय," व्यापारी म्हणाला. "चालवणाऱ्याच्या दारावर बाहेरून केवढा पोचा होता! रंग पार उडालेला. ठोकून सरळ केला, रंग मारला. आता शोधून दाखवा."

वृद्धानं दारावरून हात फिरवला. जिथं पोचा होता त्या जागी हात थोडा थांबला. "सापडत नाही खरा," तो हळूच म्हणाला. मग त्यानं विचारलं, "शर्यतीत ही धावणार ना?"

"धावायला हवीच होती हो. पण आमचा चालवणारा तापानं आडवा झालाय. तुम्हीच का नाही बसत? तुमच्या मित्राचीच गाडी."

"नको, नको. मी माझ्या गाडीत बसेन. हिच्यात ही माझी शिष्या बसेल. आत बसून मला काय ऐकू येणार?"

व्यापाऱ्याला शेवटचं वाक्य कळलं नाही. पण चांगला चालवणारा आयता मिळाला, एवढं त्याला पक्कं कळलं आणि त्यानं लगेच होकार दिला.

शिष्येचा आनंद गगनात मावेना. आजवर ती गुरूच्या गाडीतून, गुरूला शेजारी बसवून, रिकाम्या धावपट्टीवर फेऱ्या मारत आली होती. पट्टीच्या दोन्ही टोकांना तेलाची रिकामी पिंपं मांडलेली असत आणि डावीकडे वळून त्यांना वळसा घालायचा असे. गुरूनं तिला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतली होती: वळणावर पिंपाला इतकं चिकटून जा की मधून मांजरही जाऊ नये. आत जागा राहिली की वेळ गेला. आता प्रथमच ती कुणाशी तरी धावणार होती आणि तीही प्रत्यक्ष गुरूशी! त्यांना खरोखर हरवता आलं, तर आपण शिकलो असं म्हणता येईल, हे तिनं मनाशी धरलं.

रविवारी दुपारी झेंडा पडला. सहा-सात गाड्या सुटल्या, पण दोन फेऱ्यांतच बाकीच्या मागं राहिल्या. पुढं गुरूची हिरवी गाडी, तिच्या मागं पिवळी. सत्तरी कधीच ओलांडलेला तो माणूस सरळ पट्ट्यावर असा धावत होता की मागून शिष्येला फक्त त्याची पांढरी शेंडी वाऱ्यावर उडताना दिसावी. ती मनापासून खूश झाली. मग टोकाचं वळण आलं, आणि तिला काहीतरी विचित्र दिसलं.

गुरूनं पिंप सोडलं होतं. पिंप आणि त्याची गाडी यांच्या मध्ये बरोबर एक गाडी मावेल एवढी जागा मोकळी होती. तिला वाटलं, हात थकला असेल. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. जागा तेवढीच, ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. थकलेल्या हाताची चूक इतकी मोजून होत नाही.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ राग. अप्पा आपल्याला जिंकू देत आहेत! लहान पोराशी पत्ते खेळताना मोठी माणसं हरतात तसं! तिचे कान तापले. शेवटच्या फेरीला ती त्याच्या अगदी मागं होती. वाट पुन्हा उघडी होती. तिनं दात आवळले, ब्रेक दाबला आणि वळण संपेपर्यंत मुद्दाम त्याच्या मागंच राहिली. हिरवी गाडी पहिली आली.

लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी वृद्धाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. शिष्या गाडीतून उतरली ती थेट त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"अप्पा, असं करायला नको होतं तुम्ही."

"काय केलं मी?"

"आत जागा सोडलीत. प्रत्येक फेरीला! ज्या माणसानं मला पिंपाला चिकटायला शिकवलं, त्यानं! मला काय भीक हवी होती? हरवलं असतंत तर मी पाया पडले असते तुमच्या. पण ही दया नको होती. म्हणून मी आले नाही आत. मुद्दाम आले नाही."

वृद्धानं गळ्यातला हार काढून बॉनेटवर ठेवला. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा दिसत नव्हता.

"म्हणजे तुला दिसत होती वाट?"

"आंधळी आहे का मी?"

"मग बरं झालं. मला वाटत होतं, मलाच नीट सोडता आली नाही." तो एका उलट्या पिंपावर बसला. "पोरी, बस इथं. दया कसली करतोय मी तुझ्यावर? तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस. आम्ही सगळे पोटापाण्याचा धंदा सांभाळून धावणारे. मला सोमवारी लोकांच्या तोंडात हात घालायचा असे, अच्युतला म्हशीच्या पोटात. हात मोडून कसं चालणार? म्हणून आमच्यात एक रीत पडली. एकटा असलास तर पिंपाला चिकट. पण मागं कुणी आलं, तर वळणावर त्याच्यापुरती गाडीभर वाट सोडायची. सरळ पट्ट्यावर हवं तेवढं झुंज, वळणावर दार लावायचं नाही. आत शिरायचं धाडस त्याचं, वाट आपली. आणि आत शिरून जो पुढं जाई, तो हात बाहेर काढून आपल्याच दारावर दोन थापा मारी. वाट पोचली, असं सांगायला. अच्युतच्या बोटात अंगठी होती. तो दारावरचा पोचा त्या थापांचाच."

शिष्येनं पिवळ्या गाडीच्या गुळगुळीत दाराकडं पाहिलं.

"तो गेल्यावरही माझा हात ती वाट सोडतच राहिला," वृद्ध म्हणाला. "मंडईच्या वळणावर सोडतो, देवळापाशी सोडतो. मागं सायकलवालासुद्धा नसतो. आज इतक्या वर्षांनी मागून तीच तडतड आली. प्रत्येक वळणाला वाटलं, आता येईल, आता येईल. येईना. शेवटच्या वळणाला तर अगदी कानाशी आली, आणि मागंच थांबली." त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवले नाहीत. "चूक तुझी नाही. तुला सगळं शिकवलं, एवढंच शिकवायचं राहिलं. शिकवत होतो तेव्हा आपल्या मागं कुणी नव्हतंच ना."

आपण ज्याला अपमान समजून नाकारलं, तेवढ्यासाठीच हा माणूस इथवर आला होता, हे तिला कळलं आणि ते तिला सोसेना. ती उठली.

तिकडं ट्रकच्या मागं फळ्या लावून झाल्या होत्या. व्यापारी पिवळ्या गाडीवर घालायचं कापड झटकत होता.

"एक फेरी हवी आहे," ती म्हणाली.

"अहो बाई, आत्ता पुसून ठेवलीय! ड्रायव्हर खोळंबलाय, बंदराला वेळेत पोचायचंय."

"पुन्हा मी पुसून देते. एकच फेरी."

व्यापाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पलीकडं पिंपावर बसलेल्या वृद्धाकडं पाहिलं. तो व्यापारी असला तरी माणूस होता. "एकच," तो म्हणाला. "आणि रंगाला जपा."

उन्हं कलली होती. प्रेक्षक गेले होते, माणसं पिंपं गोळा करत होती. शिष्येनं त्यांना टोकाची पिंपं तेवढी राहू द्यायला सांगितलं. दोन गाड्या निघाल्या. या वेळी झेंडा नव्हता, टाळ्या नव्हत्या. वृद्ध पुढं होता आणि तो अजिबात हळू चालवत नव्हता. सरळ पट्ट्यावर त्यानं तिला तसूभर जवळ येऊ दिलं नाही. टोकाचं वळण आलं. हिरवी गाडी किंचित बाहेर सरली आणि पिंपाच्या अंगाला वाट मोकळी झाली.

शिष्येनं वेग उतरवला. मागून मोहरी तडतडली. पिवळी गाडी आत शिरली, दोन्ही गाड्या क्षणभर खांद्याला खांदा लावून वळल्या, आणि ती पुढं निघाली. निघता निघता तिनं उजवा हात बाहेर काढला आणि दारावर दोन थापा मारल्या. तिच्या हातात स्टीलचं कडं होतं.

फेरी पुरी करून ती परतली, तेव्हा हिरवी गाडी वळणाच्या पुढंच थांबलेली होती. इंजिन बंद होतं. वृद्ध दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

"आला होता," तो म्हणाला. "तसाच. अगदी उशिरा ब्रेक लावून."

व्यापाऱ्यानं गाडी ट्रकवर चढवताना दारावरचा ताजा ओरखडा पाहिला. त्यानं तोंड उघडलं, वृद्धाकडं एकवार पाहिलं, आणि त्यावर कापड ओढून घेतलं. ट्रक बंदराच्या दिशेनं निघून गेला. वृद्ध तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला. मग त्यानं बाभळीखालची घोंगडी उलगडून काच आणि दिवे काढले, आणि शिष्येनं ते एकेक करून बसवले.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. "उद्या सोमवार."

दवाखाना बंद करून त्याला कैक वर्षं झाली होती, पण शिष्येनं ते त्याला सांगितलं नाही. ती गाडी चालवायला बसली. मंडईचं वळण आलं, तेव्हा तिनं आरशात पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तरी तिनं गाडी थोडी बाहेर घेतली.

आपल्यापुढचं कुणी म्हातारं माणूस वळणावर जागा सोडून चालताना दिसलं, तर मानापमान धरून मागं थांबू नये. ते वाट पाहत असतं.