साहेबांच्या मुठीतली ओल

माळेवाडीच्या कालव्यावरचे दहिफळे साहेब पाण्याची पाळी द्यायचे ती मातीची ओल मोजणारं आपलं यंत्र बघून. यंत्राची दोन टोकं मातीत खुपसायची आणि आकडा पन्नासच्या वर गेला, की त्या शेताला पाणी बंद!

सोजरबाईच्या शेतात आकडा निघाला सत्तर. तिचं गव्हाचं बी तयार होतं, पण या पाळीला पाणी चुकलं, तर पेरणीच हुकणार होती. तिनं मूठभर माती उचलून दाबली. मातीचा भुगा बोटांतून गळाला. "बघा साहेब, लाडू वळत नाही. ओल कुठाय?"

"लाडू दिवाळीला वळा, मावशी," साहेब म्हणाले. "यंत्र कधी चुकत नाही."

बांधावर जमलेले शेजारी हसले. सोजरबाईही हसली. "मग ते जरा मुठीत धरा बरं."

दुपारच्या उन्हानं घामेजलेल्या साहेबांनी ऐटीत टोकं मुठीत धरली. आकडा झर्रकन ऐंशीवर!

"अगं बाई! माझ्या रानापेक्षा तुमचा हातच पाणथळ! गहू इथंच पेरू का?"

बांधावर हशा उसळला. साहेब ओरडले, "अहो मावशी, तो घाम आहे!"

"घाम खारट, माझी जमीनही खारवट. तुमच्या यंत्राला खार लागला, की पाणीच वाटतं!"

साहेबांनी पाळी मंजूर केली आणि ते हात पँटला पुसू लागले.

"पुसा, पुसा," पदर खोचत सोजरबाई म्हणाली, "ओल जरा सुकून वाफसा आल्याशिवाय पेरता कुठं येतं!"