घरटी एक माणूस

नदीच्या वळणावर खैरवळण नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात गुणाजी नावाचा एक तांबट राहत होता. त्याने ठोकलेला हंडा आजीकडून नातीकडे जातो, असं लोक म्हणत. गुणाजी स्वभावाने मऊ, बोलायला कमी, आणि आईवर त्याचा फार जीव.

तो लग्नाचा झाला, तसं थोरल्या भावाने त्याच्यासाठी स्थळ पाहिलं. मुलगी चांगली, घराणं चांगलं. सुपारी फुटायची तेवढी बाकी. सगळं घर आनंदात होतं आणि गुणाजीला मात्र घास गोड लागेना. एक गोष्ट तो मिसरूड फुटल्यापासून जाणून होता. त्याचं मन बाईकडे कधी ओढ घेत नसे, ते पुरुषाकडे ओढ घेई. त्याने उपास केले, नवस केले, देवाला कौल लावला. मन होतं तसंच राहिलं.

सुपारीच्या आदल्या दिवशी त्याने आईला आणि भावाला समोर बसवून सगळं सांगितलं.

भाऊ म्हणाला, "लग्न करून टाक. पुढचं पुढे. असलं कोणी बोलून दाखवतं का?"

"दादा, पुढचं त्या पोरीलाच भोगावं लागणार ना?" गुणाजी म्हणाला. "तिने माझं काय वाकडं केलंय, म्हणून तिला जन्मभर फसवू?"

भाऊ रागावून उठला. "मग या घरात तुला जागा नाही," तो म्हणाला. गावाच्या कानावर गेलं, तेव्हा गावही भावासारखंच बोललं.

आई वेशीपर्यंत आली. भाकरीचं गाठोडं तिने गुणाजीच्या हातात दिलं. "तू वाईट नाहीस रे," ती म्हणाली. "पण मला लोकांची भीती वाटते." एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला आणि ती मागे फिरली.

चालत चालत गुणाजी हिरणपेठेला पोचला. मोठी बाजारपेठ. तिथली तांबट आळी नावाजलेली होती. आळीचे मुख्य नरहरशेट. त्यांनी गुणाजीचं काम पाहिलं आणि मान डोलावली.

"हात सोन्याचा आहे तुझा. पण बाहेरून आलेल्या सडाफटिंग माणसाला आम्ही आळीत ठेवत नाही. बायको कुठे आहे?"

गुणाजी दमला होता, भुकेला होता. एकदा खरं बोलून त्याने घर घालवलं होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "वारली."

झालं! सगळ्या आळीने हळहळ केली. त्याला राहायला खोली मिळाली, कामाला भट्टी मिळाली. शेजारच्या गोदाक्का तर रोज काही ना काही आणून देत. कधी वाटीभर आमटी, कधी गरम पिठलं. "एकट्या पुरुषाचं जेवण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे," त्या म्हणायच्या.

पण एक खोटं कधी एकटं राहत नाही. भाद्रपदात गोदाक्कांनी विचारलं, "गुणाजी, बायकोची तिथी कोणती रे?" आता आली का पंचाईत! त्याने सुचेल ती तिथी सांगितली. गोदाक्कांनी हौसेने खीर केली, वडे केले, पानावर तूप वाढलं. जी बाई कधी जन्मालाच आली नव्हती, तिच्या नावाचं पान गुणाजीने अंगणात ठेवलं. कावळा काही शिवेना. शेजारणी म्हणाल्या, "बिचारीची काही इच्छा राहिली असेल." गुणाजी खाली मान घालून उभा राहिला. आळीत सगळे त्याच्यावर माया करत होते, आणि त्यातली एकही वाटी त्याला आपल्यासाठी आली असं वाटत नव्हतं. ती सगळी त्या नसलेल्या बाईच्या नवऱ्याला येत होती.

आळीच्या टोकाला लिंबाजी नावाचा एक रंगारी होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत आणि तो कामात असला की गुणगुणत असे. येता-जाता गुणाजीला त्याचं गुणगुणणं ऐकू यायचं. त्याचा पाय तिथे उगाच घुटमळायचा. पण कोणी पाहील या भीतीने तो पुढे निघून जायचा.

लिंबाजीलाही एक दिवस स्थळ सांगून आलं. त्याने मुलीच्या बापाला बाजूला घेऊन आपलं मन पुरुषाकडे ओढ घेतं हे खरं सांगितलं आणि हात जोडले. बापाने ते पोटात ठेवलं नाही. सांजवेळेपर्यंत सारी पेठ तेच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. लिंबाजीने पेठ सोडून जावं, असं ठरलं. पण नरहरशेटांचं तेवढ्याने समाधान होईना. ते म्हणाले, "प्रत्येक घराने याचा एकेक रंगाचा रांजण उलथायचा. म्हणजे याच्याविषयी कोणाच्या मनात माया उरली नाही, हे दिसेल."

माणसं एकेक करून पुढे येऊ लागली. कोणी नाखुशीने आली, कोणी चेवाने. आळीतून निळे, तांबडे, पिवळे ओघळ वाहू लागले. लिंबाजी भिंतीला टेकून उभा होता. ज्यांची पागोटी त्याने रंगवली होती, तीच माणसं त्याच्यासमोर वाकून रांजण लोटत होती.

"गुणाजी, तुझी पाळी," नरहरशेट म्हणाले.

गुणाजी पुढे झाला. समोर हळदीच्या रंगाने भरलेला रांजण होता. एक धक्का दिला की काम भागणार होतं. मग खोली आपली, भट्टी आपली, गोदाक्कांची आमटीही आपली. त्याने रांजणाच्या काठाला हात लावला. त्याने मान वर केली, तर लिंबाजी त्याच्याकडेच पाहत होता. त्या नजरेत राग नव्हता. तू तरी काय करणार, अशी ती नजर होती.

गुणाजीने हात काढून घेतला.

"शेटजी, मला हे होणार नाही," तो म्हणाला. "मीही याच्यासारखाच आहे. माझी बायको वारली नाही. मला बायको नव्हतीच. आसऱ्यासाठी मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो, त्याची माफी मागतो. पण जो खरं बोलला, त्याचा रांजण मी उलथणार नाही."

आळीत एकच गलका उठला. नरहरशेट ओरडले, "दोघंही चालते व्हा!"

गुणाजीने खोलीत जाऊन आपला हातोडा आणि ऐरण उचलली. बाहेर पडतो तो दारात गोदाक्का. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"त्या पानावर मी तूप वाढलं होतं रे," त्या म्हणाल्या. "घरचं, लोणकढं!"

"आक्का, चुकलं माझं."

"चुकलंच. आधी मला सांगितलं असतंस तर मी तुलाच वाढलं असतं." त्यांनी डोळे पुसले. "आता ऐक. डोंगरापलीकडे करवंदवाडी आहे, माझं माहेर. गरिबी आहे, पण माणसं बरी आहेत. पारूआत्या म्हणून आहे, तिला माझं नाव सांगा. आणि तिच्याशी असलं खोटंनाटं बोलू नकोस. तिला ते चालत नाही."

दोघं डोंगर चढू लागले. ऐरण जड होती. थोडा वेळ ती गुणाजीने वाहिली, थोडा वेळ लिंबाजीने. चढावर लिंबाजी म्हणाला, "तू माझ्यासाठी सगळं घालवलंस."

"माझं होतंच काय तिथे?" गुणाजी म्हणाला. "जे होतं ते एका विधुराचं होतं." यावर दोघंही हसले. बऱ्याच दिवसांनी गुणाजी मोकळेपणी हसला होता.

करवंदवाडीत पोचल्यावर पारावर माणसं जमली. पारूआत्या म्हणजे केस पिकलेली, कंबरेत थोडी वाकलेली बाई. वाडीत तिचा शब्द चाले. गुणाजीने पाणीही मागितलं नाही. आधी सगळं सांगितलं. आपण कोण, कसे, कुठून कशासाठी निघालो, काहीही न झाकता.

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एक म्हातारा डोकं खाजवत म्हणाला, "आम्ही असं कधी पाहिलं नाही बुवा."

पारूआत्या म्हणाली, "पाहिलं नाही, एवढंच. वाईट आहे असं कुठे दिसलंय? खरं बोलून दारात उभी राहिलेली माणसं आहेत. आधी पाणी द्या त्यांना."

वाडीच्या कडेला एक मोकळा गोठा होता, तो दोघांना राहायला मिळाला. सगळं एका दिवसात गोड झालं असं नाही. पाणवठ्यावर बायका कुजबुजल्या. दोन घरांनी बरेच दिवस त्यांच्याकडे पाठ फिरवली. पण कोणी दगड उचलला नाही. गुणाजी फुटक्या घागरी सांधू लागला. लिंबाजीने झाडांच्या साली उकळून नवे रंग केले आणि बायकांची विटलेली लुगडी पुन्हा उजळली. तापाने फणफणलेल्या गुणाजीच्या उशाशी लिंबाजी बसून राहिला, तेव्हा पाठ फिरवलेल्या घरांपैकी एका घरातून पेज आली. दोघं एकमेकांचे केव्हा झाले, ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं.

तरी गुणाजीच्या मनातली जुनी भीती गेली नव्हती. लोकांना बोलायला जागा नको म्हणून त्याने घरात दोन चुली मांडल्या होत्या. कोणी आलं की तो म्हणायचा, "आम्ही दोघं आपले शेजाऱ्यासारखे राहतो." आईला तो येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडी, त्यातही तो लिंबाजीचं नाव घेत नसे.

एका उन्हाळ्यात ओढ्यावर बांध घालायचं वाडीने ठरवलं. पारूआत्या काठी टेकत दारोदार सांगत फिरत होती. ती त्यांच्या दारात आली.

"उद्या सकाळी बांधावर यायचं. घरटी एक माणूस. तुमच्याकडचं कोण येतंय?"

गुणाजी गडबडला. "आत्या, आम्ही दोघं येतो. म्हणजे, याच्या चुलीचा एक आणि माझ्या चुलीचा एक."

"कान फुटले का तुझे? घरटी एक म्हटलं ना. दोघं कशाला? तुमचं घर एकच आहे."

गुणाजी तिच्याकडे पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "आत्या, तुम्ही आम्हाला घर धरलंत?"

पारूआत्याला त्याच्या बोलण्याचा अर्थच लागेना. "मग काय, अजून गोठा धरू?" ती म्हणाली. "लवकर सांग बाबा, मला पुढच्या घरी जायचंय."

गुणाजीने दाराची चौकट धरली आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. पारूआत्या घाबरली. "अरे, काय झालं? मी काही वावगं बोलले का?" लिंबाजीने पुढे होऊन गुणाजीच्या पाठीवर निळा हात ठेवला. आत्यासमोर, भर दिवसा, उघड्या दारात त्याने असं पहिल्यांदाच केलं होतं.

"वावगं नाही आत्या," लिंबाजी म्हणाला. "आमच्या घरचा हा येईल. भाकरी घेऊन मी दुपारी येतो."

"मग असं सांगा की," म्हणत आत्या काठी टेकत पुढच्या दाराकडे गेली.

तात्पर्य: खोटं बोलून मिळालेल्या आसऱ्यात अंग निवतं, मन उपाशीच राहतं; आपण जसे आहोत तसे ज्या गावाने आपल्याला घर म्हणून मोजलं, तेच आपलं गाव.