पोचलेलं टपाल

"आणि बुवा, जी पत्रं आधीच येऊन पडलीत, त्यांना हा नवा नियम लागेल का?"

पाध्येबुवा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बियाणं संशोधन केंद्राच्या संगणकखोलीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. परवा निवृत्त व्हायचे होते.

"कसला नियम, श्रीरंगा?"

"एका माणसाची ईमेल थेट कचऱ्यात टाकायचा."

बुवांनी नाव विचारलं नाही. ते सगळ्या केंद्राला ठाऊक होतं. कालच त्यांनी मुख्य सर्व्हरचा पासवर्ड, म्हणजे खोलीचा सगळा कारभार, धाकट्या हेमांगीच्या हाती सोपवला होता. श्रीरंग तिच्याआधी चार वर्षं आलेला, बुवांचा पट्टशिष्य म्हणून छाती काढून फिरणारा. त्याच्या जिवाची नुसती लाही झाली होती. हेवा म्हणायची लाज वाटे, म्हणून बिचारा त्याला शिस्त म्हणत होता.

"नियम येणाऱ्या पत्राला लागतो," बुवा म्हणाले. "आलेल्याला नाही."

"मग?"

"जुनी पत्रं डब्यातून बाहेर काढ. एकेक करून पुन्हा नियमांच्या चाळणीत घाल. यंत्राला वाटलं पाहिजे, पत्र आत्ताच आलंय."

"एवढंच ना?"

"चाळणीत आधीचं काय काय आहे, ते बघून घे."

"चाळणी माझीच आहे, बुवा. मीच लिहिलीय."



श्रीरंगने चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. हेमांगीची सहा वर्षांची पत्रं निघाली तीनशे चौदा. त्यातलं एकही त्याने कधी उघडलं नव्हतं. कशाला उघडायचं? बुवांची लाडकी!

त्याने एंटर दाबलं. भराभर सगळी कचऱ्यात गेली. त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने चहाचं आधण ठेवलं.

चहा उकळायच्या आत हेमांगी दारात उभी.

"श्रीरंगदादा, तुम्ही मला तीनशे चौदा उत्तरं पाठवलीत?"

उत्तरं?

श्रीरंगचा चेहरा खर्रकन उतरला. सकाळीच त्याने रुसून उद्यापासून आठ दिवसांची रजा टाकली होती, आणि चाळणीत सगळ्यात वर एक ओळ घातली होती : येईल त्या पत्राला आपोआप उत्तर जावं. 'आपलं पत्र मिळालं. आभारी आहे. परतल्यावर नक्की बोलू.' यंत्राने प्रत्येक जुनं पत्र आत्ताच आलेलं मानलं आणि इमानेइतबारे उत्तर धाडलं.

"सहा वर्षांत पहिल्यांदाच दिलंत," हेमांगी म्हणाली. तिला राग आलेला नव्हता, उलट डोळे भरून आले होते. "मला वाटायचं, तुम्ही माझं नावच टाकलंय."

"चुकून गेली ती!" श्रीरंग खेकसला.

ती क्षणभर थांबली. मग मान खाली घालून निघून गेली.

...

"कचऱ्यातलं सगळ्यात जुनं पत्र काढ," खुर्चीतून बुवा डोळे न उघडताच म्हणाले.

"कशाला?"

"मोठ्याने वाच."

श्रीरंगने नाखुशीनेच उघडलं. "'श्रीरंगदादा, मी आज रुजू झाले. बुवांना म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं मी श्रीरंगला दिलंय... त्याच्याकडून घे. मी कधी येऊ?'"

त्याने पत्राची तारीख पाहिली : सहा वर्षांपूर्वीची.

"पुढचं?"

"'दादा, तुमचं उत्तर आलं नाही. मग बुवांनाच विचारू का?'"

चहा उतू गेला. दोघांपैकी कोणीही उठलं नाही.

"बुवा..." श्रीरंग कसाबसा म्हणाला. "सहा वर्षं मी तिच्यावर जळतोय. माझ्याबद्दल असं बोलला होतात, तर मला कधी कळू का दिलं नाहीत?"

बुवांनी डोळे उघडले.

"पत्र केव्हाच पोचलं होतं, श्रीरंगा."