कडजाईच्या वाडीत कोणी जाणता नाही

कडजाईच्या वाडीला येणारा पाहुणा आधी कड्याकडे बघतो. बघण्यासारखाच आहे तो. वाडीच्या माथ्यावर काळाकभिन्न उभा, आणि त्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी सुपासारखी लटकलेली. मग पाहुण्याला मध काढणारा माणूस भेटतो. त्याचा दोर आणि त्याचे हात बघून शहरी माणसाच्या तोंडात जे पटकन येते ते तो बोलून जातो: तुम्ही तर अगदी एक्स्पर्ट आहात. तिथे गडबड होते. मध काढणारा खाली बघायला लागतो, ओट्यावरच्या बायका उठून आत जातात, आणि धावजीबाबा नावाचे वाडीतले सगळ्यांत जुने म्हातारे पाहुण्याला हाताला धरून सावलीत बसवतात. "त्याला खुळा म्हणा," ते सांगतात. "नायतर काहीच म्हणू नका." पाहुणा हसतो. बाबा हसत नाहीत. मग ते जे सांगतात ते असे.

फार पूर्वी वाडीत गोमा नावाचा माणूस राहत होता. त्याला मधमाश्यांचा नाद होता. नाद म्हणजे इतका, की औत शेतात उभे ठेवून हा पोळ्याखाली जाऊन बसायचा. नुसत्या आवाजावरून त्याला कळायचे म्हणे, की पोळ्यात मध भरला आहे की अजून पिल्लेच आहेत, माश्या निवांत आहेत की चिडलेल्या. जेवताना एखादी माशी घरात शिरली तर हातातला घास हातातच राहायचा. अशा माणसाला नावे ठेवायला वाडी थोडीच मागे राहणार! मधखुळा, नादखुळा, येडा गोमा, ज्याला जे सुचेल ते. गोमा कधी चिडला नाही. त्यात त्याची सोयच होती. दोर खांद्यावर टाकून कड्यावर जायचा, वारा बघायचा, कान द्यायचा, आणि मनाला पटले नाही तर रिकाम्या हाताने खाली यायचा. खुळ्याला कोण विचारणार, का आलास म्हणून?

चिडायचा तो बुधा. बुधा म्हणजे गोमाच्या बायकोचा, चांगुणेचा, धाकटा भाऊ. आई लवकर गेलेली, त्यामुळे चांगुणेनेच त्याला लहानाचा मोठा केला, आणि लग्न होऊन आली तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन आली. गोमाचा दोर धरायचे काम त्याचेच. मध काढणारा कड्याला लोंबकळत असताना वरचा दोर बायकोच्या भावाने धरायचा, अशी त्या मुलखाची रीत होती. दोराच्या टोकाला आपल्या बहिणीचे कुंकू आहे म्हटल्यावर जीव गेला तरी तो हात सोडणार नाही, इतका साधा विचार. बुधाने दोर कधी ढिला सोडला नाही. त्याला फक्त लाज वाटायची. बाजारात कोणी 'खुळ्याचा मेव्हणा आला' म्हटले की त्याचे कान तापायचे. जिने आपल्याला घास भरवले तिच्या नवऱ्याला लोक हसतात, हे त्याला सोसवेना.

मग त्याने एक शब्द धरला. जाणता. बाजारात, पाणवठ्यावर, कोणाच्या बारशाला गेला तर तिथेही तो सांगू लागला की आमचे दाजी खुळे नाहीत, जाणते आहेत. यात खोटे काहीच नव्हते, म्हणून तर शब्द लवकर रुजला. वाडी गोमाला जाणता म्हणू लागली, मग खालची गावेही म्हणू लागली. येता-जाता लोक त्याला रामराम घालू लागले. चांगुणेलाही बरेच वाटले असणार, नाही कशाला म्हणा. पण गोमा रिकाम्या हाताने परतला की आता लोक विचारायचे, जाणत्याला कसे जमले नाही? पहिल्या पहिल्यांदा त्याने कारणे सांगितली. पुढे पुढे कारणे सांगायचा कंटाळा, म्हणून उतरू नये अशा दिवशीही तो उतरू लागला. बुधाच्या हाताला ते कळत होते. पूर्वी कधी थरथरला नव्हता तो दोर आता थरथरायचा. बुधाने ओळखले, आणि तो गप्प बसला. जाणत्याचा मेव्हणा म्हणवून घ्यायची त्याला गोडी लागली होती.

चैत्रात कडजाईची जत्रा भरते. त्या सकाळी कड्यावरचा नवा मध उतरवायचा आणि देवीला त्या मधाने न्हाऊ घालायचे. त्या वर्षी जाणत्याला बघायला खालच्या गावांतून माणसे लोटली होती. गोमा कड्याच्या टोकाशी उकिडवा बसला. पुष्कळ वेळ ऐकत राहिला. मग उठला आणि कमरेचा दोर सोडू लागला.

"आज नको, बुधा," तो म्हणाला. "वारं फिरतंय. माश्या तापल्यात."

माणसांत कुजबुज झाली. कोणीतरी फिसकन हसले म्हणे. तेवढे पुरले. बुधा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दाजी, जाणत्याला कसलं वारं?"

गोमाने त्याच्याकडे बघितले. रागाने नाही, नुसते बघितले. बुधाच्या तोंडावर काय हवे आहे ते स्वच्छ लिहिलेले होते, आणि गोमाने ते वाचले. इतके दिवस बुधाने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले होते, आता तिथून चार माणसांसमोर उतरायला वाट ठेवली नव्हती. गोमाने दोर पुन्हा आवळला, धुरासाठी हिरव्या पाल्याची पेटती चूड घेतली आणि खाली गेला.

वारा फिरलाच. धूर पोळ्यावर जायचा तो गोमाच्याच तोंडावर आला, आणि मोहोळ उठले. माश्या दोरावरून वर आल्या. जत्रा पळाली. बुधा पळाला नाही. डोळे सुजून मिटले, बोटे फुगली, तरी तो दोर ओढत राहिला आणि गोमाला त्याने वर घेतले. पण वर आला तेव्हा गोमा गेलेला होता.

बुधा तापातून उठला तेव्हा वाडी त्याला डोक्यावर घ्यायला तयार बसली होती. काय दोर धरलास, माश्यांनी तुला फोडून काढले तरी सोडला नाहीस, पट्टीचा दोर धरणारा तू! बुधाने सांगून बघितले की दाजी माश्यांनी नाही, माझ्या तोंडाने मेले. लोकांना वाटले, ताप अजून पुरता उतरलेला नाही. प्रत्येकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि प्रत्येक हात त्याला नकोसा झाला.

शेवटी तो बहिणीसमोर जाऊन बसला. चांगुणा नाचणी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही.

"खुळा होता तवर घरी येत होता," ती म्हणाली. आणि पाखडत राहिली.

पुढल्या चैत्रात गोमाचा धाकटा भाऊ हिरू कड्यावर आला. माणसांनी त्याला आधीच जाणत्याचा भाऊ म्हणायला सुरुवात केली होती. हिरूचे लग्न व्हायचे होते, तेव्हा त्याचा दोर धरायला गर्दीतून बुधाच पुढे झाला. त्याची बोटे तेव्हापासून वाकडीच राहिली होती. सगळ्यांदेखत त्याने हिरूला विचारले, "खुळ्या, जायचं का?"

हिरूने टोकाशी बसून ऐकले, आणि चाचरत म्हणाला, नको. कोणी काही बोलायच्या आत बुधाने त्या वाकड्या बोटांनी त्याच्या कमरेची गाठ सोडवली. देवीला त्या वर्षी गुळाच्या पाण्याने न्हाऊ घातले. देवी रागावली असे काही कोणाला आठवत नाही.

चांगुणेने भावाला माफ केले का, असे पाहुणे हमखास विचारतात. काही जण सांगतात, त्या संध्याकाळी तिने त्याला जेवायला वाढले. बाबांचे मत निराळे आहे. वाढले असेल, ते म्हणतात, तिनेच वाढवलेला तो. पण माफ नसेल केले, आणि त्याने मागितलेही नसेल.

आजही जत्रेच्या सकाळी दोर धरणारा मध काढणाऱ्याला खुळ्या म्हणूनच हाक मारतो आणि जायचे का ते विचारतो. पुष्कळदा तो हो म्हणतो. एखाद्या वर्षी नको म्हणतो, आणि का ते कोणी विचारत नाही. पण विचारताना दोर धरणाऱ्याने मान खाली घालायची, उत्तर मिळेपर्यंत वर करायची नाही, असा वाडीचा नेम आहे. आपल्याला काय हवे आहे, ते उतरणाऱ्याला आपल्या तोंडावर दिसू नये म्हणून.